मुंबईत नोकरीसाठी आलेल्या कॅथलिक तरुणाने रविवारच्या मिस्सेपलीकडे श्रद्धा कशी वाढवावी, आणि ती इतरांपर्यंत कशी पोचवावी?

तुम्ही लिहिलंय की मूळचे श्रीरामपूरकडचे, नोकरीला अंधेरीत, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चुकवत नाही पण मिस्सा संपली की सरळ रूमवर, चर्चमध्ये ओळखीचं कोणी नाही, इंग्रजी बेताचं, आणि ऑफिसात कोणी धर्माबद्दल काही विचारलं की काय बोलावं ते सुचत नाही. मी उपनगरातल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या विभागात, बरीच वर्षं मुलांना कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवते, आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, लगेच रिट्रीटच्या, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-शिबिराच्या, मागे लागू नका. रिट्रीट चांगलीच असते, बांद्र्याला जेझुइट धर्मगुरूंचं रिट्रीट हाऊस आहे, तुमच्या अंधेरीतच आत्मदर्शन नावाचं केंद्र आहे, पुढेमागे जरूर जा. पण मी बघते ना, एकटा राहणारा मुलगा शनिवार-रविवार रिट्रीट करून भारावून येतो आणि सोमवारपासून त्याच्याशी त्याबद्दल बोलणारं कोणी नसतं, मग पंधरवड्यात सगळं विरून जातं. म्हणून पहिलं काम म्हणजे पॅरिश ऑफिसात जायचं, गावच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर तो बरोबर न्यायचा, नाव नोंदवायचं आणि सरळ विचारायचं की माझी बिल्डिंग कुठल्या कम्युनिटीत येते. मुंबईतल्या पॅरिशचे असे छोटे छोटे भाग पाडलेले असतात, एससीसी म्हणतात, म्हणजे स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी, दोन-चार बिल्डिंगा किंवा एखादी गल्ली मिळून एक, आणि तिची मीटिंग कोणाच्या तरी घरी होते.

या मीटिंगला काय होतं ते सांगते कारण बाहेरून कंटाळवाणं वाटतं. बऱ्याच ठिकाणी सात पायऱ्यांची पद्धत वापरतात, आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली. आधी कोणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलवतं, मग शुभवर्तमानातला उतारा वाचायचा, मग ज्याला जो शब्द किंवा जी ओळ भिडली ती त्याने मोठ्याने म्हणायची, तीन वेळा, मध्ये थोडं थांबत, काही स्पष्टीकरण द्यायचं नाही. नंतर काही मिनिटं पूर्ण शांतता. मग ज्याला वाटेल तो बोलतो की ही ओळ मला का लागली. इथे वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही. त्यानंतर आपल्या गल्लीत काय करायला हवं ते ठरवायचं, कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेलीय, आणि शेवटी प्रार्थना. एकदा आमच्याकडे येशूने वादळ शमवल्याचा उतारा होता, शेजारच्या मावशी, ज्या एरवी कधी तोंड उघडत नाहीत, त्यांनी फक्त 'तुम्ही का भ्याला' एवढंच तीन वेळा म्हटलं, त्यांच्या मिस्टरांचे रिपोर्ट यायचे होते त्या आठवड्यात, हे आम्हाला मागाहून कळलं. बायबल इतकं जवळून ऐकायची सवय मला प्रवचनांनी नाही लावली, या बैठकीने लावली.

घरी एकट्याने बायबल वाचायचं तर मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत, आणि शक्यतो त्या दिवसाच्या मिस्सेचीच वाचनं वाचा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेरीने येतात, मत्तय, मार्क, लूक अशी, त्यामुळे आदल्या रात्री वाचून गेलात की दुसऱ्या दिवशी प्रवचन वेगळंच ऐकू येतं.

आता इंग्रजीचं. तुम्ही ती अडचण म्हणून लिहिलीय, मला ती संधी वाटते, आणि हे बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. मुंबईतल्या चर्चांत इंग्रजी वाचणारे ढिगाने मिळतात, मराठी नीट वाचणारे मिळत नाहीत. बऱ्याच पॅरिशमध्ये मराठी मिस्सा असते, तिथे नगर, मराठवाड्याकडून आलेली कुटुंबं येतात, त्यांच्या मुलांना मराठीत शिकवायला, मिस्सेतलं पहिलं वाचन करायला माणूस हवा असतो. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया बघा ना, तो धर्मगुरू नव्हता, जपानमध्ये आधी व्यापारी होता, जपानी भाषा बोलायचा, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून काम केलं, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत घोषित झाला. भाषा येत होती आणि ती त्याने देवाच्या कामाला लावली. तुम्ही रविवारी कॅटेकिझमच्या वर्गाला मदतनीस म्हणून जरी उभे राहिलात तरी बघा, आठ वर्षांचं पोर विचारतं 'देव दिसत नाही तर ऐकतो कशावरून', आणि मग तुम्हाला घरी येऊन स्वतःलाच शोधावं लागतं. श्रद्धा खोल जाते ती अशी, दुसऱ्याला द्यायची वेळ आली की. खूप जण म्हणतात आधी मी नीट शिकतो मग शिकवेन, ती वेळ कधीच येत नाही.

शिकवणं जमणारं नसेल तर सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीत जा. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या कॉलेजच्या पोराने आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेली, आज कितीतरी पॅरिशमध्ये आहे, गरीब घरांना भेटी देतात, रेशन, औषधं, फिया बघतात. पैसे देण्यापेक्षा घरात जाऊन बसणं हे त्यांचं मुख्य काम.

मे महिन्यात मात्र गावठाणांत या. बांद्रा, वाकोला, अंधेरी, मरोळ, जिथे जिथे जुने क्रूस आहेत तिथे संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि लितानी (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना) होते. 1896 च्या प्लेगनंतर लोकांनी यातले कितीतरी क्रूस उभारले. लोक रस्त्यातच उभे राहून म्हणतात, रिक्षा बाजूने जातात, नंतर उकडलेले चणे वाटतात आणि शेजारचं हिंदू घरही प्रसाद म्हणून हात पुढे करतं. त्या गर्दीत नवीन माणसाला कोणी परकं धरत नाही.

ऑफिसातल्या प्रश्नांबद्दल. माझ्या अनुभवात लोक वाद घालायला क्वचित विचारतात, बहुतेक वेळा कुतूहल असतं. तुमच्याच ऑफिसात कोणीतरी बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेला, जाणारं निघेल, किंवा सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणबत्ती वाहणारं, आणि ते ख्रिस्ती नसेल. त्याला विचारा की तू काय मागितलंस, आणि तुम्ही काय मागता ते सांगा, तुमच्याकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेची गोष्ट सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात, 3:15 मध्ये, आहेच की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने. मला या ओळीतलं 'विचारणाऱ्याला' फार महत्त्वाचं वाटतं.

आणि घाबरू नका, पण नियम माहीत असू दे. घटनेच्या 25व्या कलमाने धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा मूलभूत हक्क नाही. चर्चची शिकवणही तीच आहे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1965 मध्येच स्पष्ट म्हटलंय की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती चालणार नाही. त्यामुळे आमिष नको, दबाव नको, आजारी माणसाच्या अगतिकतेचा फायदा तर मुळीच नको. कोणी आपणहून म्हणालंच की मला यायचंय, तर तुम्ही काही ठरवू नका, त्याला फादरांकडे घेऊन जा, तिथे आरसीआयएची, म्हणजे मोठ्या माणसांना चर्चमध्ये घेण्याआधीची, तयारी महिनोनमहिने चालते आणि साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो.

अंधेरी पूर्व की पश्चिम, आणि कुठल्या रस्त्याला राहता ते लिहा, जवळची मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता असते ते विचारून कळवते.