आशीर्वादाआधी उठू नकोस

पत्र: मावशी, सलाम. मिस्टरांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं. दागिने गोल्ड लोनमध्ये गेलेत, सासूबाईंचं डायलिसिस चालूय, मुलाची डिप्लोमाची फी थकलीय. संडे स्कूलमध्ये वाढलेली मी, पण आता प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. देव सगळं कल्याणासाठी करतो हे पटत नाही. चर्चला जाते, मागं बसते, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी निघून येते. मिस्टर म्हणतात घरातलं बाहेर बोलायचं नाही. माझा विश्वास संपला का? आशा कुठून आणू? – एक बहीण, नगर

सलाम गं बाळा.

विश्वास संपला का, हे जरा बाजूला ठेव. तू एक वाक्य घाईघाईत लिहून पुढं गेलीस, मला त्यावरच बोलायचंय. आशीर्वादाच्या आधी निघून येतेस. का गं? पाळकसाहेबांनी हात वर करायच्या आत तू गेटच्या बाहेर, कारण नंतर सगळे व्हरांड्यात थांबणार, कोणीतरी विचारणार मिस्टर कसेत, आणि तुला म्हणावं लागणार प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक. म्हणजे दीड वर्ष झालं आणि मंडळीतल्या एकाही माणसाला तुमच्या घरचं माहीत नाही. आणि मला विचारतेस आशा कुठून आणू!

बायबलमधली कफर्णहूम गावातल्या पक्षघाती माणसाची गोष्ट तुला पाठ असणार. मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ आणि परत वाच. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं. त्या खाटेवरच्या माणसाच्या तोंडी एक शब्द नाही, त्यानं प्रार्थना केली असं कुठंही लिहिलेलं नाही, आणि येशूनं विश्वास पाहिला तो त्या सगळ्यांचा मिळून, आणि मग त्याला 'मुला' म्हणून हाक मारली. त्यानं काय केलं असेल तर एवढंच, की लोकांना आपल्याला उचलू दिलं. तू तेवढंही करू देत नाहीयेस.

शब्द येत नाहीत याची भीती नको बाळगू. 88 वं स्तोत्र वाच, ते अंधारावरच संपतं, शेवटी कुठं उजेड पडत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंदिरात गायलं जायचं.

मिस्टरांच्या त्या नियमाचा मात्र मला राग आलाय. माणूस खचलाय, कळतं मला, पण त्यांची अब्रू राखायला तू गुदमरायचं हे मला मान्य नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले, आणि रमाबाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवलं की जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, कष्टाचं काम शिकायला कमीपणा वाटला, नाहीतर ते वाचले असते. त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि दौंडजवळच्या केडगावला शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. उपास काढलेल्या बाईला उपाशी माणूस लगेच कळतो गं. तुझ्या चर्चमध्येही अशी कोणीतरी आहेच, जिनं आजारपण काढलंय, सोनं गहाण ठेवलंय, आणि ती तुझ्या दोन बाक पुढं बसते, पण तू मागच्या मागं पळतेस तर तिला कळणार कसं?

साधी गोष्ट बघ, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्ही ती घेताय की पदरचे पैसे भरताय, पत्रात काहीच नाही. मंडळीत एखादी तरी नर्स असेलच, तिनं दोन मिनिटांत कागदपत्रं सांगितली असती. हीसुद्धा देवाची मदतच आहे, ती व्हरांड्यात उभी होती आणि तू गेटबाहेर.

तर या रविवारी आशीर्वाद घ्यायचा. पूर्ण. मग एकीला गाठायचं, सगळ्या मंडळीला नको, माइकवरून विनंती तर अजिबात नको, एकच बाई, आणि म्हणायचं, कंपनी बंद आहे, सोनं गहाण आहे, मला प्रार्थना जमत नाहीये, माझ्यासाठी तुम्ही करा. रडू आलं तर येऊ दे.

मिस्टरांना शनिवारी रात्री सांग. परवानगी मागू नकोस, नुसतं सांग. सोबत आले तर चांगलंच, नाही आले तर एकटी जा.