वाचकांचे प्रश्न : ब्राउझरमध्ये जिफ संथ का चालते?

प्रश्न : मंडळाच्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणासाठी मी गिंप या चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ढोलवादकाचे हलते चित्र तयार केले आहे. त्यात ४८ लेअर, म्हणजे एकामागून एक दिसणारी चित्रे, आहेत. टिपरू ढोलावर पडून पुन्हा वर जाण्याची क्रिया अर्ध्या सेकंदात व्हावी म्हणून प्रत्येक लेअरला १० मिलिसेकंद दिले. प्लेबॅकच्या खिडकीत वेग वाढवल्यावर ठेका बरोबर वाटला, परंतु तयार जिफ (हलत्या चित्राची फाइल) ब्राउझरमध्ये उघडली की वादक झोपेत वाजवत असल्यासारखा दिसतो. १० ऐवजी ५ मिलिसेकंद करूनही फरक पडत नाही.
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : प्लेबॅकच्या खिडकीत बदललेला वेग केवळ पाहण्यापुरता असतो, तो फाइलमध्ये उतरत नाही. फाइलमध्ये नोंदला जातो तो प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे एकेका लेअरच्या चित्राचा, पडद्यावर थांबण्याचा अवधी, आणि १९८९ च्या जिफ स्वरूपात हा अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागात, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या पटीत मोजला जातो. त्यामुळे ५ मिलिसेकंद लिहिण्याची सोय तेथे मुळातच नाही.

आपली खरी अडचण मात्र पुढची आहे. शून्य किंवा १० मिलिसेकंद अवधी दिसला की आजचे प्रचलित ब्राउझर तो अमान्य करून त्याऐवजी १०० मिलिसेकंद धरतात. आपल्या ४८ फ्रेमना म्हणूनच अर्ध्या सेकंदाऐवजी ४.८ सेकंद लागतात. जो अवधी ब्राउझर जसाच्या तसा पाळतात, तो किमान २० मिलिसेकंदांचा असतो. फोटोशॉपच्या टाइमलाइनमध्ये फ्रेमखाली शून्य सेकंद तसेच राहू दिले, तरी नेमका हाच अनुभव येतो.

तेव्हा अवधी आणखी कमी करण्याच्या मागे न लागता फ्रेम कमी कराव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. दर चार लेअरपैकी एकच ठेवल्यास १२ उरतील. प्रत्येकी ४० मिलिसेकंद दिल्यास एकूण ४८० मिलिसेकंद होतील, म्हणजे आपल्याला हवा तोच अर्धा सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम हा वेग डोळ्यांना पुरेसा सलग वाटतो, शिवाय फाइल बरीच हलकी होते. निमंत्रण लोकलच्या गर्दीत, तुटक्या नेटवर्कवर उघडले जाणार असेल तर याचे मोल मोठे आहे. लेअर गाळताना टिपरू चामड्याला टेकते तो लेअर मात्र काहीही झाले तरी ठेवावा. तोच गेला, तर अवधी कितीही अचूक असला तरी घाव पडल्यासारखा वाटणार नाही.

गिंपमध्ये अवधी लेअरच्या नावातच, कंसात, इंग्रजी आकड्यांत लिहून त्याला जोडून एमएस ही इंग्रजी अक्षरे लिहितात. निर्यात करताना ‘अ‍ॅज अ‍ॅनिमेशन’ निवडावे. तेथे दिसणारा १०० मिलिसेकंदांचा आकडा फक्त नावात अवधी नसलेल्या लेअरना लागू होतो. पण तोच सर्व फ्रेमना लावण्याच्या पर्यायावर खूण राहिली, तर आपण लेअरनिहाय लिहिलेले सारे अवधी निष्फळ ठरतात. निमंत्रणाचा मजकूर याच चित्रात येणार असल्यास त्यासाठी शेवटी वेगळा लेअर ठेवून त्याला ३००० मिलिसेकंद द्यावेत. आरतीची वेळ आणि मंडपाचा पत्ता दोन्ही असतील, तर ५००० द्यावेत, कारण घरातील ज्येष्ठांनाही तो मजकूर एका फेरीत वाचता आला पाहिजे.