किडनीचा जुना आजार असताना इंटरमिटंट फास्टिंग करावं का?

तुमचा प्रश्न वाचला. वय ५२, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.९, ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिलीलिटर गाळते त्याचा अंदाज) ४२, वजन ८८ किलो, मधुमेह आणि बीपी दोन्ही. गोळ्या पाच: मधुमेहाच्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन, बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त व्हावी म्हणून एक. रोज १६ तास उपास करावा, पुढे जमलं तर दिवसातून एकदाच जेवावं, त्याने किडनीला विश्रांती मिळेल, असं तुमच्या मनात आहे. एका ओळखीच्या माणसाचं क्रिएटिनिन असं उतरलं, हेही लिहिलंय. शेवटी विचारलंय की उपासाच्या तासांत काळी कॉफी चालते का.

मी किडनीच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या पाच गोळ्या आहेत तशा चालू ठेवून १६ तासांचा उपास स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि एकवेळ जेवणाचा विचार सोडूनच द्या. रात्रीचं जेवण लवकर आटपून १२ तासांचं अंतर ठेवणं, तेही मधे हवं तेवढं पाणी पिऊन आणि डॉक्टरांच्या कानावर घालून, हे मात्र तुमच्या टप्प्याला बहुतेक जमण्यासारखं आहे. असं का म्हणते ते सांगते.

आधी विश्रांतीचं बघू. जेवलं की किडनी चालू आणि उपाशी राहिलं की बंद, असं काही नसतं. निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. तुमच्या, मिनिटाला ४२ मिलीलिटरच्या हिशेबाने, अजूनही ६० लिटरच्या आसपास गाळत असतील, जेवा किंवा जेवू नका. उपास लांबला की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि कीटोन म्हणजे आम्लच. ते निस्तरण्यात मोठा वाटा किडनीचा. आजाराच्या तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे ईजीएफआर ६०च्या खाली गेला की, नेमकी ही आम्ल बाहेर टाकण्याची ताकद कमी होत जाते. म्हणूनच अनेकांचं बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल मारणारा क्षार) २२च्या खाली येतं आणि त्यांना सोड्याच्या गोळ्या द्याव्या लागतात. तेव्हा विश्रांती राहिली बाजूला, कामच वाढायचं.

पेशी स्वतःची साफसफाई करतात, त्याबद्दल नोबेल मिळालंय, हेही तुम्ही कुठेतरी ऐकलंय. खरं आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली ते मिळालं, आणि त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. तिथून थेट ‘१६ तास उपाशी राहा, किडनी दुरुस्त होईल’ इथवर उडी मारली ती व्हिडिओवाल्यांनी.

वजन उतरवायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. लठ्ठपणात किडनीतल्या प्रत्येक गाळणीवर जास्तीचा दाब येतो आणि लघवीतून प्रथिनं जातात. वजन उतरलं की ते कमी होताना दिसतं, शुगर आणि बीपीही आटोक्यात येतात. प्रश्न एवढाच की हा फायदा घड्याळाचा की कमी खाण्याचा? २०२२ साली चीनमधला एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ माणसं, पूर्ण एक वर्ष. दोन्ही गटांना सारख्याच मोजून कॅलरी, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षअखेर त्या गटाचं सरासरी वजन ८ किलोने उतरलं आणि दिवसभरात केव्हाही खाणाऱ्यांचं ६.३ किलोने. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याइतका नव्हता. त्याआधी २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, तोही १६ तास उपास आणि ८ तासांत खाणं असाच. वजनात दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. उलट ज्यांची बारकाईने मोजमापं घेतली त्यांच्या उतरलेल्या वजनातला मोठा भाग स्नायूंचा निघाला. यातला एकही अभ्यास किडनीच्या रुग्णांवर केलेला नव्हता. म्हणजे घड्याळातून मिळणारा जादा फायदा मुळात थोडका, आणि तुमच्या बाबतीत त्याची जोखीम बरीच मोठी.

ही जोखीम कुठे आहे हे बघायचं तर तुमचा गोळ्यांचा डबा उघडायला हवा. उपासाचे तास ठरवण्याआधी मी प्रत्येकाला तेच करायला लावते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. त्यात इन्सुलिन मोडून काढण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. शिवाय उपास लांबल्यावर यकृताच्या बरोबरीने किडनीही साखर तयार करून देत असते, तो आधारही आता अर्धवट झालेला. सकाळची गोळी घेऊन दुपारी १२ला पहिला घास घेणाऱ्या माणसाला ११ वाजता दरदरून घाम फुटतो आणि हात थरथरतात, ते यामुळे.

डापाग्लिफ्लोझिन किडनीसाठी खरोखर चांगलं औषध आहे, ते सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते लघवीवाटे साखर आणि तिच्यामागोमाग पाणी बाहेर काढतं आणि शरीराला कीटोनकडे झुकवतं. त्यावर लांब उपास आणि कर्बोदकं जवळजवळ बंद, असं जुळून आलं तर क्वचित कीटोॲसिडोसिस होतो, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायक आम्ल होतं. वाईट भाग हा, की ग्लुकोमीटरवर शुगर ठीकठाक दिसत असते. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा श्वास असं काही झालं तर ‘शुगर तर १६० आहे’ म्हणून घरी बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि आपण डापाग्लिफ्लोझिनवर आहोत व उपास करत होतो हे तिथे आपणहून सांगायचं.

आता टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी. अंगात पुरेसं पाणी असेल तर दोन्ही गुणी. पण आजारी किडनीला लघवी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. तुम्हाला रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल तर त्याचं एक कारण हेच. म्हणून पाणी न पिता केलेला उपास आपल्यासाठी बादच. पाणी कमी पडलं की बीपी घसरतो, किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, आणि अशा वेळी हा रक्तप्रवाह सावरून धरायची किडनीची जी स्वतःची युक्ती असते ती टेल्मिसार्टनने आधीच सैल केलेली असते. याच्या पुढची पायरी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पहिल्या आठवड्यात उपासाने डोकं धरतं, माणूस ड्रॉवरमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन काढतो आणि उपाशीपोटीच गिळतो. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि वर ही वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की धडधाकट किडनीसुद्धा बसू शकते. दोन दिवसांत क्रिएटिनिन ०.३ने जरी वाढलं तरी डॉक्टर त्याला किडनीला अचानक झालेली इजा मानतात. डोकं दुखलं तर पाणी प्या, काहीतरी खा. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

मेटफॉर्मिनबद्दल एवढंच, की ईजीएफआर ४५च्या खाली आला की मात्रा साधारण निम्म्यावर आणतात आणि ३०च्या खाली ती बंद करतात. तुमची मात्रा शेवटची कधी तपासली गेली, ते या निमित्ताने विचारून घ्या.

पोटॅशियमचं वेगळं सांगायला हवं, कारण उपास करणाऱ्यांत इलेक्ट्रोलाइट (क्षारांच्या) पावडरी घ्यायची पद्धतच पडली आहे. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. उपासात इन्सुलिन खाली येतं आणि पोटॅशियम बाहेर सरकू लागतं. निरोगी माणसाची किडनी ते लघवीतून काढून टाकते. तुमची हळूहळू काढेल, आणि टेल्मिसार्टन तिला त्यातही थोडं अडवतं. यावर पावडर किंवा ‘लो सोडियम’ मीठ घेतलं, ज्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडच असतं, तर काय होईल ते तुमच्या लक्षात आलं असेलच. पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय असलं काहीही तोंडात घालू नका.

एकवेळ जेवण का नको? डायलिसिसवर नसलेल्यांना दिवसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. ८८ किलोला ती ७० ग्रॅम होतात. वजन जास्त असल्याने आम्ही कदाचित थोडी कमीच धरू. एवढी सगळी एका ताटात घेतली की पुढचे काही तास गाळण्यांवरचा ताण एकदम वाढतो, पोटॅशियम आणि फॉस्फरसही एकाच वेळी येऊन पडतात. आणि बहुतेकांना तेवढं खाणं जातच नाही, मग स्नायू झिजायला लागतात.

इथेच तुमच्या ओळखीच्या माणसाचं क्रिएटिनिन येतं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू घटले की ते कमी तयार होतं, रिपोर्टवरचा आकडा सुधारतो आणि गाळण मात्र होती तिथेच असते. माझ्याकडे एक गृहस्थ दोन रिपोर्ट शेजारी शेजारी धरून आले होते, १.९चं १.६ झालं म्हणून खुशीत. पँटला पट्ट्याची नवी भोकं पाडलेली, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता. सिस्टॅटिन-सी करायला लावलं; स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेली ती तपासणी आहे. त्यावरून काढलेला ईजीएफआर जवळपास जुन्याइतकाच निघाला. तुमच्या ओळखीच्यांचंही असंच झालं असेल असं नाही, पण वजन झपाट्याने उतरलेलं असताना एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण सोबत पाहा.

मग करायचं काय? डॉक्टरांकडे जाताना ‘फास्टिंग करू का’ एवढंच विचारू नका, हो किंवा नाही ऐकून परत याल. गोळ्यांची यादी आणि खाण्याच्या वेळा एकाच कागदावर लिहून न्या, आणि प्रत्येक गोळीपुढे विचारा: ही कधी घ्यायची, मात्रा बदलायची का, उलट्या-जुलाब झाले तर कोणती थांबवायची. ग्लिमेपिराइडचा निर्णय सगळ्यात आधी करून घ्या. सुरुवातीला क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट पाहून ठेवा आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करा. रोज सकाळी बीपी बसून आणि मग उभं राहून मोजा. उभं राहिल्यावर गरगरत असेल तर उपास त्याच दिवशी थांबवा. वजन आठवड्याला अर्ध्या किलोने उतरलं तरी भरपूर. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणलंत तर बीपीला त्याचा फायदा होईल, आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ईजीएफआर ३०च्या खाली असेल, डायलिसिस चालू असेल, इन्सुलिन घेत असाल, किडनी बदललेली असेल किंवा वजन आधीच कमी असेल, तर १२ तासांचंही मी इथे काही सांगणार नाही. फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच लागू पडतात, प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांच्या वेळा काटेकोर असतात; ते तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच ठरवा.

आणि हो, काळी कॉफी. बिनसाखरेची, दिवसातून एक-दोन कप चालेल. मात्र सकाळचा बीपी मोजून झाल्यावर प्या, नाहीतर आकडा थोडा चढलेला दिसेल.