'कहू' हे 'अर्जुन'चं बिघडलेलं नाव आहे का?

नागपुरातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : पारशिवनीकडचे आजोबा पेंच नदीकाठच्या झाडाला 'कहू' म्हणतात, बागेतल्या पाटीवर मात्र त्याच झाडाचं नाव 'अर्जुन' आहे. मग कहू हा अशुद्ध, हिंदीतून आलेला शब्द समजायचा का?

मुळीच नाही. झाड एकच, पण दोन्ही नावांची मुळं वेगळी. अमरकोशात या झाडाची नावं ओळीनं दिली आहेत : नदीसर्ज, वीरतरु, इंद्रद्रु, ककुभ, अर्जुन. आजोबांचा कहू आला तो यातल्या 'ककुभ'वरून. प्राकृतात त्याचा 'कउह' झाला. मधला क असाच गळून कुंभकाराचा कुंभार झालाय, आणि भचा ह होऊन आभीराचा अहीर. पुढे उ आणि ह यांची अदलाबदल झाली की कहू. छत्तीसगडीत आजही 'कउहा' म्हणतात, हिंदीत 'कोह', 'कहुआ'. ही सगळी एका घरची भावंडं आहेत. त्यात उसनं काय नि अशुद्ध काय? उलट 'अर्जुन' हाच संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द, कहू मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेला.

'अर्जुन' म्हणजे पांढरा, उजळ. ऋग्वेदात रात्रीला काळा दिवस आणि दिवसाला 'अर्जुन' दिवस म्हटलंय. झाडाला हे नाव पांडवावरून नाही, सालीवरून शोभतं. उन्हाळ्यात आटलेल्या नदीकाठी कहू लांबूनच ओळखू येतो : खोड गुळगुळीत, फिकट राखाडी, जागोजागी पापुद्रे सुटलेले. त्याचाच भाऊबंद येन (पुस्तकातला ऐन) काळपट आणि मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला. कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्या दोघांचाही पाला खातात. फळाला पाच पंख असतात, आणि पान उलटून पाहिलं तर देठाजवळ दोन बारीक गाठी दिसतात.

'नदीसर्ज' हे नावही मला फार आवडतं. झाडाचा पत्ताच त्यात आहे.

एक सांभाळा. इंटरनेटवर नुसतं 'कहू' शोधलं तर हिमालयाकडच्या रानजैतुनाची माहिती पुढे येते. तिकडे त्यालाही कहू म्हणतात. त्या झाडाचा आपल्या कहूशी काही संबंध नाही.

लिहिताना 'कहूची साल', 'कहूचं लाकूड' असं बिनधास्त लिहा. बाहेरच्या वाचकासाठी पहिल्यांदा कंसात 'अर्जुन' द्या, पुढे कहूच चालू द्या.