थंडी कमी पडली म्हणून झाड उपटू नका

सफरचंद, पीच, आलुबुखार यांची हिवाळ्यातली झोप पुरी व्हावी लागते. साधारण 0 ते 7 अंश सेल्सिअसमधले तास मोजतात; सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे 800 ते 1000 तास लागतात. ते भरले नाहीत की एकाच फांदीच्या टोकाला फूल आणि खाली सगळे डोळे (फांदीवरच्या कळ्या) मुके, म्हणजे न फुटलेले, असं दिसतं. झाड मेलं समजून उपटू नका, अगदी कळकळीने सांगतोय. नत्राचं खत आणि छाटणी मात्र थांबवा, नाहीतर कोवळी फूट लवकर येऊन गारठ्यात सापडेल.

खरा घात त्यानंतर होतो. फुलं उमलल्यावर उणे 2 अंशांची एक रात्रही पुरते. दुसऱ्या दिवशी एखादं फूल उभं चिरून बघा. मधला भाग काळा पडला असेल तर ते गेलं. लहान झाडावर संध्याकाळी जुनी चादर जमिनीला टेकेल अशी टाका, सकाळी काढा.