नववीचे विद्यार्थी सहशालेय उपक्रमांत नाव का नोंदवत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, सूचना फलकावर लावूनही आठवी-नववीचे विद्यार्थी सहशालेय उपक्रमांसाठी पुढे येत नाहीत आणि पालक दहावीचे कारण सांगतात, तर त्यांना प्रोत्साहन कसे द्यावे. ग्रामीण भागातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षे गणित शिकवले आणि खो-खोचा संघही सांभाळला. त्या अनुभवावरून सांगतो की, मुलांना बहुतेक वेळा उत्साहाची उणीव नसते. त्यांच्या वाटेत काहीतरी आडवे आलेले असते आणि ते काय आहे, हे आपण त्यांना विचारत नाही.

आमच्याकडे ते एसटीचे वेळापत्रक होते. शाळा पाच वाजता सुटायची, साडेपाचला शेवटची गाडी वाड्या-वस्त्यांकडे निघायची आणि सराव मात्र शाळा सुटल्यावर ठेवलेला असायचा. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठीच सोय आहे. पण गाडी निघून गेल्यावर त्या पासाचा उपयोग काय? दोन वर्षे आम्ही ‘मुलींना खेळाची आवड नाही’ असे शिक्षकांच्या खोलीत बसून म्हणत राहिलो. सराव मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला आणल्याबरोबर त्याच मुली मैदानावर आल्या. म्हणून पहिली विनंती अशी की, कोणतेही भाषण करण्यापूर्वी, न येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांशी एकेकटे बोला. कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, कोणाकडे गणवेशाव्यतिरिक्त पोशाख नसतो, कोणाला गेल्या वर्षी भर वर्गात कोणी हसलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे, ‘ज्यांना इच्छा असेल त्यांनी नावे द्यावीत’ ही सूचना मुळातच धीट मुलांसाठी असते. बुजऱ्या मुलाला त्याचे नाव घेऊन, नेमके काम सांगावे लागते. आमच्या वर्गात एक मुलगी होती; उत्तर येत असूनही ती हात वर करत नसे. तिला मी खेळायला बोलावले नाही, गुणलेखक म्हणून बसवले. खो-खोच्या गुणपत्रिकेत कोणत्या आक्रमकाने कोणाला बाद केले आणि प्रत्येक संरक्षक किती वेळ टिकला, हे क्षणोक्षणी लिहावे लागते. नजर हटली की नोंद चुकते. तिसऱ्या सामन्यात पंचांनी पुकारलेल्या खेळाडूचा क्रमांक आणि तिच्या नोंदीतला क्रमांक जुळेना, तेव्हा ती उभी राहिली आणि सामन्याच्या सरपंचांना, म्हणजे मुख्य पंचांना, म्हणाली, “सर, सात नंबर आधीच बाद झाली आहे.” पडताळून पाहिले, तर तिचेच बरोबर होते. संमेलनातही असेच असते: पडदा ओढणारा, रंगभूषेचे सामान सांभाळणारा, ध्वनिक्षेपकाजवळ बसणारा, ही सगळी खरी कामे आहेत आणि ती तशीच सन्मानाने दिली पाहिजेत.

पालकांच्या बाबतीत मात्र माहितीच अधिक उपयोगी पडते. क्रीडास्पर्धांतील प्रावीण्य, शासकीय रेखाकला परीक्षा, शास्त्रीय कला व लोककला यांसाठी दहावीला नियमानुसार सवलतीचे गुण मिळतात आणि त्यांचे प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातात, हे पुष्कळ पालकांना दहावीचा अर्ज भरताना कळते. तोपर्यंत वेळ गेलेली असते. रेखाकलेच्या दोन परीक्षांपैकी इंटरमिजिएटच्या आधी एलिमेंटरी द्यावी लागते. एनसीसीच्या कनिष्ठ विभागाचे ‘ए’ प्रमाणपत्रही दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर मिळते. म्हणजे निर्णय आठवीच्या जूनमध्येच व्हायला हवा, आणि पालकसभाही तेव्हाच घ्यावी. तरीही माझे मत असे आहे की, गुणांच्या आशेने पालक संमती देतील, पण मूल टिकते ते सोबत्यांमुळे आणि आपली कोणीतरी वाट पाहत आहे या जाणिवेमुळे. त्यामुळे गुणांची गोष्ट पालकांशी बोला, मुलांपुढे तिचा घोष करू नका.

आता शिक्षकांबद्दल. खेळाचा आणि चित्रकलेचा तास गणित-विज्ञानाला देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि मीही सहामाही परीक्षेच्या तोंडावर असे तास अनेकदा घेतले, याचे मला आज वाईट वाटते. ज्या शाळेत वेळापत्रकातला तास केव्हाही काढून घेतला जातो, तिथे विद्यार्थी योग्य तोच अर्थ काढतात की हे सारे दुय्यम आहे. मग फलकावर कितीही सुंदर अक्षरात आवाहन लिहिले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आपण शिक्षक असाल, तर मुख्याध्यापकांकडून आठवड्यातला एकच तास पक्का करून घ्या आणि वार्षिक परीक्षा जवळ आली तरी तो सोडू नका. पालक असाल, तर पुढच्या सभेत तो तास खरोखर होतो का, एवढे विचारा. आमच्याकडे हा प्रश्न एका शेतकरी आईने विचारला होता, आणि त्यानंतर त्या वर्षी तो तास कोणी मागितला नाही.