एल्कचं मांस विमानाने कसं न्यायचं? आणि शिंगं नागपूरला आणायची का?

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला नोकरीला आहे. ऑक्टोबरात मित्रांसोबत विमानाने कोलोराडोला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं ठरलंय. परवाना रीतसर काढलाय. पण एवढं मांस आणि शिंगं परत कशी आणायची, हा त्याला प्रश्न पडलाय. त्याचे बाबा म्हणतात, शिंगं दिवाळीला इकडेच आण. उमरेडच्या वाड्यात आजेसासऱ्यांच्या वेळचं सांबरशिंग आहे, त्याच्या शेजारी लावू. मुलगा थोडं वाळवलेलं मांसही आणतो म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, मांस आणि शिंगं दोन्ही ह्यूस्टनपर्यंत नीट पोचतील. नागपूरला मात्र यातलं काहीही आणू देऊ नका. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी मांसाचं बघू, कारण विमानतळावर पोचण्याच्या बऱ्याच आधी ते खराब झालेलं असू शकतं.

एल्क आपल्या सांबरापेक्षा अंगाने मोठा असतो. मोठा नर तीनशे किलोच्या वर भरतो. अंगावर दाट केस आणि जाड कातडी, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असलं तरी आतली ऊब तासन्‌तास जात नाही. पशुवैद्यक म्हणून माझी बरीच नोकरी मांसतपासणीत गेली. संशय आला की मांडीच्या हाडालगत सळई खोल खुपसायची, बाहेर काढायची आणि लगेच नाकाशी धरायची. वरून लालबुंद, ताजं दिसणारं मांस हाडापाशी आंबलेलं निघतं, ते त्या सळईलाच कळतं. शिकारीच्या मांसाचंही तसंच होतं. म्हणून जनावर पडल्याबरोबर आतडी-कोथळा काढायचा, कातडी सोलायची, चारही तंगड्या वेगळ्या करायच्या आणि विरळ सुती पिशव्यांत घालून सावलीत, वाऱ्याला टांगायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस कोंबू नये. उशीर होणार असेल, तर मांडीचं हाड तिथेच काढून टाकलेलं उत्तम.

परवान्याचा टॅग आणि जनावर नर की मादी याचा पुरावा मांसासोबतच ठेवायचा असतो. हाडं काढण्याआधी त्याने तिथल्या वन्यजीव खात्याचा नियम वाचून घ्यावा. खाण्याजोगं मांस रानात टाकून नुसती शिंगं उचलून नेणं हा कोलोराडोत गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

आता एक आजार. हरणवर्गातल्या जनावरांना होणारी 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' ही व्याधी १९६७ साली कोलोराडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पहिल्यांदा दिसली. जनावर खंगत जातं आणि मरतं. आजार बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, म्हणून शिजवून किंवा गोठवून त्याला काही होत नाही. माणसाला तो झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही बाधित जनावराचं मांस खाऊ नये असंच तिथल्या आरोग्य यंत्रणेचं सांगणं आहे, आणि माझंही तेच. मुलाने मानेतल्या गाठींची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवावं. याच आजारामुळे टेक्साससह बऱ्याच राज्यांत बाहेरच्या जनावराचा मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे. हाड काढलेलं मांस आणि पूर्ण साफ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगं चालतात.

विमानाचं गणित असं. मोठ्या नराचं हाडाविना मांस साधारण सत्तर ते नव्वद किलो निघतं. चेक-इन बॅगेला बहुतेक ठिकाणी २३ किलोची मर्यादा असते, म्हणजे चार-पाच खोकी झाली आणि प्रत्येक जादा खोक्याचे पैसे वेगळे. गावातल्या मांस कापून देणाऱ्या दुकानात ते हवाबंद पाकिटांत भरून दगडासारखं गोठवून घ्यावं. तिथे हंगामात गर्दी असते, काही दिवस लागतात, म्हणून परतीचं तिकीट लगेचच्या दिवसाचं काढू नये. कूलर पूर्ण भरावा, आत पोकळी राहू देऊ नये. गच्च भरलेला गोठलेला माल एका दिवसाचा प्रवास सहज काढतो. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरायचा तर एका प्रवाशाला अडीच किलोच, तोही कंपनीला आधी सांगून, खोक्यावर वजन लिहून आणि वायू बाहेर पडेल अशी फट ठेवून. साधा बर्फ नको. वितळून पाणी गळायला लागलं की काउंटरवरच खोकं अडतं. माझा विचाराल तर, मित्र तीन-चार असतील तर विमानाने जावं आणि परतताना भाड्याची गाडी करून मांस रस्त्याने आणावं. हजारेक मैल होतात, पण मांस डोळ्यांसमोर राहतं.

शिंगांचा विस्तार एक मीटरच्या वर असू शकतो. काही कंपन्या ती घेतच नाहीत, काही मोठ्या आकाराचे पैसे लावतात, आणि छोट्या विमानाच्या पोटात ती मावतही नाहीत. म्हणून तिकीट काढण्याआधी विचारावं. मांसाचा कणही राहू नये इतकं हाड खरवडावं, टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवून चिकटपट्टी मारावी. कवटीचा तुकडा मधोमध कापला की दोन्ही शिंगं एकात एक बसतात. मात्र मग शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या यादीत ती धरत नाहीत. मुलाला तसली हौस नसेल तर खुशाल कापावी.

आता नागपूर. वाळवलेलं असलं तरी मांस हे मांसच. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली त्याला आधी परवाना लागतो, प्रवाशाच्या बॅगेतून ते आणता येत नाही. त्यामागे आपल्या गुराढोरांचं आरोग्य आहे, म्हणून यात मी कोणालाच सूट सुचवणार नाही. शिंगांचंही तसंच. कागद हाती नसताना ती बॅगेत आली तर जप्ती आणि चौकशी ठरलेली. काश्मीरचा हंगुल हा एल्कचा जवळचा नातलग, आणि त्याला आपल्याकडे सर्वोच्च संरक्षण आहे. नुसतं शिंग बघून अधिकाऱ्याने ओळखावं कसं? ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी तपासणीला जाईल आणि तोवर मुलाची सुट्टी संपेल. ह्यूस्टनच्या भिंतीवरच ती शोभू द्या, दिवाळीला फोटो पाठवायला सांगा.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते : उमरेडचं सांबरशिंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंगही 'ट्रॉफी'त, म्हणजे प्राण्याच्या जपून ठेवलेल्या अवशेषांत मोडतं. घरात असलेल्या जुन्या वस्तू जाहीर करायला १८ एप्रिल २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. त्या वेळी घरच्या कोणी अर्ज केला होता का, मालकीचं प्रमाणपत्र आहे का, ते जुन्या पेटीत, फायलीत शोधा. मूळ मालक वारले असतील तर वारशाची नोंदही लागेल. प्रमाणपत्र सापडलं तर त्याची प्रत वाड्यात ठेवा, आणि शिंग विकू नका. सापडलं नाही, तर शिंग कोणाला देऊ नका, कुठे हलवू नका. आधी वकिलाशी बोला आणि मग सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात लेखी कळवा. राज्याचं ते कार्यालय आपल्याच गावात आहे. दिवाळीआधीच एकदा जाऊन या.